पोलिसांच्या ड्युटीतले आरोग्याचे धोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलिसाच्या नोकरीत धोका असणारच, मग त्याचं मॅनेजमेंट ते काय करायचं?

हल्ला, गोळी, दगडफेक हा धोका सगळ्यांना दिसतो आणि त्यासाठी ट्रेनिंग, जॅकेट, हेल्मेट काही ना काही असतंच. पण रोज अंगावर येणारं वेगळंच असतं. अपुरी झोप, तासन्‌तास उभं राहणं, चौकातला धूर, फायरिंग रेंजवरचा आवाज आणि शिसं, लॉकअपमधली कोंदट हवा, झडती घेताना टोचलेली सुई, आणि वर्षानुवर्षं बघितलेले मृतदेह आणि रडणारी माणसं. आता यातलं बरंचसं ड्युटी कशी लावली, खिडकी उघडते का, पाणी कुठे ठेवलंय असल्या गोष्टींवर ठरतं, आणि त्या बदलता येतात. "वर्दी घातली की सोसायचंच" हे मला बिलकुल मान्य नाही. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामाच्या ठिकाणच्या मूलभूत हक्कांमध्ये घातला. पोलीस ठाणं हीसुद्धा कामाचीच जागा आहे.

आमच्या ठाण्यात सेफ्टी ऑफिसर वगैरे कोणी नाही, सुरुवात कुठून करू?

एक वही घ्या आणि पूर्ण ठाण्यात एक चक्कर मारा. एक चक्कर दिवसा, एक मध्यरात्रीनंतर, कारण रात्री तीन वाजता ठाणं वेगळंच दिसतं. लॉकअपमध्ये हवा खेळते का, मुद्देमालाच्या खोलीत कसला वास येतो, रेकॉर्ड रूममध्ये छताचे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे तुटलेत का, हात धुवायला साबण आहे का, नाईटवाला माणूस विश्रांती कुठे घेतो, हे सगळं लिहा. मग मागच्या काही वर्षांचे सिक लिव्हचे कागद काढा, कोण कशाने आजारी पडलं ते बघा. एकाच पोस्टवरचे तिघे कंबरदुखीने रजेवर गेले असतील तर दोष त्या तिघांच्या कंबरेत शोधू नका, पोस्ट बघा.

आणि हे करताना कर्मचाऱ्यांना विचारा, साहेब समोर नसताना विचारा. खरी माहिती तिथेच मिळते.

मास्क, ग्लोव्ह्ज, बूट दिले की जबाबदारी संपली ना?

नाही. आधी धोका मुळातूनच काढता येतो का ते बघायचं, नाही तर त्याच्याऐवजी कमी धोक्याचं काही वापरता येतं का, मग जागेत किंवा मशीनमध्ये बदल, मग ड्युटीची पद्धत आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी मास्क-ग्लोव्ह्ज. रेंजचंच बघा ना, बिनशिशाची काडतुसं आणली तर शिसं कमी होतं, पंखे नीट बसवले तर राहिलेली धूळ माणसापासून लांब जाते, आणि हे काहीच न करता नुसता मास्क दिला तर सगळा भार त्या मास्कवर आणि तो नीट लावणाऱ्या माणसावर पडतो. खरेदीचं बिल दाखवायला मास्क सोपा पडतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी गाडी तिथेच अडते.

नाईट ड्युटीची सवय होते असं सीनियर सांगतात, खरं आहे का?

मनाला होते, शरीराला फारशी होत नाही. शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं आणि दिवसा झोपलेला माणूस साधारणपणे रात्रीपेक्षा कमी आणि तुटक झोपतो. त्यात दुपारी कोर्टात साक्ष असली की तीही झोप गेली. १७ तास सलग जागं राहिलं की माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखी, असं प्रयोगांमध्ये दिसलंय. म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला अडवणारा माणूस स्वतः तितक्याच मंद डोक्याने पेट्रोलिंगची गाडी चालवत असू शकतो, आणि त्याच्या कंबरेला पिस्तूल असतं. कॅन्सरवर संशोधन करणारी आयएआरसी ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने २००७ मध्ये नाईट शिफ्टचं काम "बहुधा कॅन्सर होऊ शकेल" अशा गटात टाकलं आणि २०१९ मध्ये परत तपासून तिथेच ठेवलं. याचा अर्थ नाईट केली की कॅन्सर होतोच असा नाही, पण "त्याने काय होतंय" असंही कुणी म्हणू नये.

ड्युटी लावणाऱ्याच्या हातात बरंच असतं. शिफ्ट पुढे सरकत जाऊ द्या, म्हणजे सकाळ, मग दुपार, मग रात्र, उलटं नको. दोन ड्युट्यांमध्ये निदान ११ तासांची गॅप ठेवा, सलग नाईट कमीत कमी लावा, चार्ट आधी कळू द्या म्हणजे माणूस घरचं काही ठरवू तरी शकतो. नाईट संपवून लगेच सकाळच्या बंदोबस्ताला पाठवणं तर थांबवाच. रात्री २० मिनिटांची डुलकी घ्यायला परवानगी द्या, चोरून खुर्चीत पेंगण्यापेक्षा ती कितीतरी बरी, फक्त उठल्यावर थोडा वेळ डोकं जड असतं तेव्हा लगेच स्टिअरिंग हातात देऊ नका.

घरच्यांसाठी एकच सांगणं. नाईट करून आलेल्या माणसाची खोली अंधारी आणि शांत राहू द्या, त्याची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र आहे.

फायरिंग रेंजवर खरंच शिसं अंगात जातं का? आम्ही तर वर्षातून थोडेच दिवस जातो.

जातं. काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटकात बहुतेक वेळा शिशाचं संयुग असतं, गोळीतही शिसं असतं, आणि गोळी सुटताना त्याची बारीक धूळ नेमबाजाच्या नाकातोंडासमोरच उडते. थोडे दिवस जाणाऱ्याला धोका कमी असतो, खरा धोका रेंजवर रोज उभ्या असणाऱ्या इन्स्ट्रक्टरला आणि रेंज साफ करणाऱ्याला. बंद रेंजवर प्रॅक्टिस संपल्यावर काय होतं ते एकदा नीट बघा. कोणीतरी कोरडा झाडू घेऊन पुंगळ्या लोटायला लागतो, दिव्याच्या उजेडात राखाडी धूळ तरंगताना दिसते, दुसरा पुंगळ्या टोपीत गोळा करतो आणि तीच टोपी परत डोक्यावर घालतो, हात पँटला पुसतो आणि तोच हात बिस्किटाच्या पुड्यात. ती पँट संध्याकाळी घरी जाते आणि लहान पोर पायाला येऊन बिलगतं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं किती सुरक्षित, तर अशी कुठलीच पातळी माहीत नाही.

म्हणून झाडू बंद. ओलं पुसायचं किंवा हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा व्हॅक्यूम वापरायचा. बंद रेंजवर हवा नेमबाजाच्या पाठीमागून टार्गेटच्या दिशेने सरळ वाहिली पाहिजे, फायरिंग लाइनवर तिचा वेग मिनिटाला साधारण २३ मीटर असावा अशी शिफारस आहे, आणि ती टार्गेटच्या मागून बाहेर खेचली गेली पाहिजे, परत आत फिरता कामा नये. रेंजवर खाणं, पिणं, तंबाखू, सिगारेट काहीच नको. हात आणि तोंड साबणाने धुवून मगच पाण्याची बाटली उघडा. कपडे तिथेच बदला, बूट घरात नेऊ नका, ते कपडे वेगळे धुवा. इन्स्ट्रक्टरच्या रक्तातलं शिसं ठरावीक काळाने तपासा, कारण पोटात दुखणं, चिडचिड, थकवा, हातापायात मुंग्या असली लक्षणं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं पण हाडात बसलेलं दशकानुदशकं राहतं.

कानात कापूस घातला तर चालेल का?

नाही चालणार. बहुतेक बंदुकांचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि त्या पातळीला एकच बार कानाला कायमचं नुकसान करू शकतो. आत फोमचे प्लग आणि वर इअरमफ, दोन्ही एकदम. प्लग बारीक वळून, कान दुसऱ्या हाताने वर-मागे ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचा, नुसता तोंडाशी खोचून ठेवला तर उपयोग नाही. नोकरीला लागतानाच कानाची तपासणी करून घ्या, नंतरची तुलना कशाशी करणार?

झडती घेताना सुई टोचली. पुढच्या तासात नेमकं काय करायचं?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, चोखू नका, ब्लीच किंवा ॲसिड लावू नका. वरिष्ठांना लगेच सांगा आणि थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये जा, ड्युटी संपायची वाट बघू नका. एचआयव्ही टाळायची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, होता होईल तो पहिल्या दोनेक तासांत, ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत, आणि सुरू केली की २८ दिवस पूर्ण घ्यायची असतात.

आता घाबरणाऱ्यांसाठी आकडा. सुई एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची असली तरी संसर्ग व्हायची शक्यता हजारात साधारण ३. हिपॅटायटिस सीची शंभरात २ किंवा त्याहून कमी. हिपॅटायटिस बीची मात्र लस न घेतलेल्याला शंभरात ६ पासून ३० पर्यंत, आणि तो विषाणू सुकलेल्या रक्तातसुद्धा निदान ७ दिवस जिवंत राहतो. म्हणजे सगळ्यात मोठा धोका ज्याचा आहे त्याच्यावरच लस आहे, तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात अँटिबॉडी १० (mIU/mL) च्या वर आल्यात का ते तपासून घ्या. फील्डवरच्या प्रत्येक माणसाची ही लस झालेली नसेल तर तो ठाण्याचा दोष आहे, त्या माणसाचा नाही.

टोचूच नये म्हणून: आधी विचारा, "खिशात सुई, ब्लेड, टोकदार काही आहे का?" उत्तर काहीही आलं तरी हात आंधळेपणाने खिशात घालू नका. आधी बाहेरून सपाट हाताने दाबून बघा, मग खिसा आतून बाहेर उलटा काढा. गाडीच्या सीटखाली, गादीखाली हात सरकवण्याआधी टॉर्च आणि छोटा आरसा. साधे रबरी ग्लोव्ह्ज रक्तापासून वाचवतात, सुईपासून नाही. सापडलेल्या सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, कडक डब्यात टाका.

चावलेल्या जखमेचंही साधारण असंच, धुवा आणि डॉक्टरकडे जा, माणसाच्या दाताची जखम फार पटकन चिघळते.

लॉकअपमधल्या माणसाला खूप दिवसांचा खोकला आहे, आम्हाला टीबी होईल का?

एकदा जवळून गेल्याने सहसा होत नाही, बंद हवेत तासन्‌तास सोबत राहिल्याने होऊ शकतो. म्हणून लॉकअपची आणि कैदी न्यायच्या गाडीची हवा हा इथला मूळ मुद्दा. खिडक्या उघडा, बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, गाडीत काच खाली ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, रात्रीचा घाम, वजन उतरलेलं असा माणूस आला तर त्याला साधा सर्जिकल मास्क द्या, सोबत राहणाऱ्या कर्मचाऱ्याला एन-९५, आणि त्याची लवकर तपासणी करून घ्या. तो त्याचाही हक्क आहे आणि तुमचाही बचाव.

फेंटानिल या अफूसारख्या जबरदस्त ड्रगला नुसता हात लागला तरी माणूस मरतो म्हणे?

नाही. सुक्या पावडरला हात लागल्याने असं होत नाही, अमेरिकेतल्या विषविज्ञान तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्येच हे स्पष्ट केलंय. नायट्राइल ग्लोव्ह्ज घाला, पावडर हवेत उडवू नका, लागली तर साबण-पाण्याने धुवा, सॅनिटायझरने चोळू नका. भीतीने छाती धडधडून माणूस खाली बसतो ते खरंच घडतं, त्याला मदत करा, पण त्या भीतीपायी समोर बेशुद्ध पडलेल्याला हात लावायचं टाळू नका.

मुद्देमालाच्या खोलीत बसलं की डोकं दुखतं. मनाचे खेळ आहेत का?

मनाचे खेळ समजू नका. तिथे ओला गांजा असतो आणि त्यावर बुरशी धरते, पेट्रोलचे कॅन असतात, रक्ताचे कपडे प्लॅस्टिकमध्ये कुजत असतात, कसली तरी केमिकल्स असतात, आणि खिडकी बहुतेक वेळा सुरक्षेसाठी बंद केलेली असते. वेगळा एक्झॉस्ट पाहिजे. ओल्या वस्तू वाळवून कागदी पाकिटात ठेवा, पुराव्यासाठीही तेच योग्य. पेटणारं सामान वेगळ्या जागी. आणि कारकुनाचं टेबल त्या खोलीत नको, हे तर आजच्या आज करता येईल. ठसे घेणाऱ्यांनाही हेच लागू, पावडर तोंडासमोर उडवत बसण्यापेक्षा हवा खेचणाऱ्या टेबलावर काम करा, आणि ठसे उमटवायला वापरतात ती सुपरग्लूची वाफ बंद चेंबरमध्येच.

चौकात ट्रॅफिकला उभा असतो, रुमाल बांधतो, पुरेसं आहे ना?

रुमाल डिझेलचे बारीक कण जवळजवळ अडवत नाही. डिझेलचा धूर २०१२ पासून कॅन्सरचं ठरलेलं कारण म्हणून यादीत आहे, बाहेरची प्रदूषित हवा २०१३ पासून. एन-९५ नीट घट्ट बसला तर कण अडतात, पण कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे वायू त्यातूनही आत येतात, आणि उन्हात तो तासन्‌तास लावून शिट्टी मारत काम करणं किती कठीण आहे हे चार्ट लावणाऱ्याने स्वतः एकदा करून बघावं. म्हणून खरा उपाय तास कमी करणं, गर्दीच्या चौकात माणसं आलटून-पालटून ठेवणं, उभं राहायची जागा सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या सायलेन्सरपासून लांब नेणं. वर्षातून एकदा फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करा, आणि रात्री चमकणारं जॅकेट घालाच, कारण गाडीची धडक हा चौकातला सगळ्यात मोठा जिवाचा धोका आहे.

भर उन्हात जॅकेट-हेल्मेट घालून बंदोबस्त. चक्कर आली तर?

चक्कर, मळमळ, गोळे आले तर सावलीत नेऊन जॅकेट काढा, पाणी द्या. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, कुठे आहे ते सांगता येईना, अंग भाजल्यासारखं गरम, तर तो उष्माघात आहे, शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती यायच्या आधीच थंड करायला लागा, गार पाण्यात बसवता आलं तर सगळ्यात उत्तम, नाही तर भरपूर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करायचं, मग न्यायचं.

बंदोबस्तात दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी माणसाच्या जागेवर पोचलं पाहिजे, कारण पोस्ट सोडता येत नाही. रजेवरून परत आलेल्याला किंवा नव्या भरतीला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ उन्हात उभं करू नका, शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात.

बाई म्हणून बंदोबस्तात पाणीच पीत नाही, टॉयलेट नसतं. काय करू?

हा प्रश्न तुम्हाला पडायलाच नको होता, बंदोबस्ताचा प्लॅन करणाऱ्याला पडायला हवा होता. पाणी न पिण्याने आणि लघवी रोखून धरल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, उन्हात चक्कर हे सगळं ओघाने येतं. बंदोबस्ताच्या कागदावर पोस्टची जागा लिहिता तशी जवळच्या टॉयलेटची जागा आणि बदली माणसाचं नाव लिहा, नसेल तर फिरतं टॉयलेट मागवा. पाळीच्या दिवसांत आठ-दहा तास पॅड बदलता न येणं ही काय सोसायची गोष्ट आहे का? पुरुषांच्या मापाचं जॅकेट बाईच्या अंगावर नीट बसत नाही, छाती दबते आणि बाजूला फट राहते, म्हणजे त्रासही होतो आणि संरक्षणही कमी.

दिवस राहिले असतील किंवा राहावेत असं ठरवत असाल तर रेंजपासून लांब राहा, शिसं आईच्या वारेतून बाळापर्यंत जातं आणि बाळाच्या कानावर प्लग लावता येत नाही. यासाठी ड्युटी बदलून मागणं म्हणजे सवलत मागणं नव्हे.

कंबर कायम धरलेली असते. व्यायाम करा एवढंच सांगतात.

व्यायाम हवाच, पण कंबरेचा पट्टा आधी बघा. पिस्तूल, मॅगझिन, बेड्या, वॉकीटॉकी, लाठी, हे सगळं कंबरेला लटकवून गाडीत बसलं की पाठीमागे टोचतं आणि माणूस तिरका बसतो. मणक्याच्या मागे येणारी वस्तू बाजूला घ्या, वजन काही खांद्यावरच्या व्हेस्टवर वाटा, आणि लांब पेट्रोलिंगला मध्येमध्ये उतरून चाला. उभ्या पोस्टवर जाड रबरी मॅट आणि टेकायला उंच स्टूल दिलं तर शिस्त बिघडत नाही.

फिट दिसणारा माणूस ड्युटीवर अचानक हार्ट अटॅकने जातो, असं का?

अमेरिकेतल्या पोलिसांच्या १९८४ ते २०१० मधल्या ४४१ अचानक हृदयमृत्यूंचा अभ्यास २०१४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. झटापट करताना, कुणाला आवरताना हा धोका रोजच्या साध्या ड्युटीच्या ३४ ते ६९ पट निघाला, पाठलागात ३२ ते ५१ पट, आणि शारीरिक ट्रेनिंगमध्येही २० ते २३ पट. म्हणजे तासन्‌तास बसून राहिलेलं, कमी झोपलेलं, बीपी वाढलेलं शरीर एका क्षणात पूर्ण जोरात धावायला लागतं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल दरवर्षी बघा, आणि छातीत दडपण, हात किंवा जबडा दुखणं याला ॲसिडिटी म्हणून गोळी खाऊन पोस्टवर उभं राहू नका. वार्षिक दौड घ्यायच्या आधी तपासणी करा, आणि ज्याला औषध सुरू झालंय त्याला कमीपणा वाटेल असं वागू नका, नाही तर पुढच्या वेळी तो लपवेल.

एका लहान मुलाच्या अपघाताचा पंचनामा केला, आता झोप येत नाही. मी कमजोर आहे का?

नाही. असं बघितल्यावर ते डोळ्यांसमोर येणं, झोप उडणं, घरच्यांवर चिडणं हे शरीराचं नेहमीचं वागणं आहे, आणि बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत उतरतं. महिन्याहून जास्त टिकलं, तो रस्ता टाळायला लागलात, दारू वाढली, तर डॉक्टरकडे जा. ट्रॉमावर काम करणाऱ्या थेरपी आहेत आणि त्या उपयोगी पडतात. घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून "काय वाटलं ते सांगा" असं एकदाच सक्तीने बोलायला लावणं मात्र टाळा, त्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो. त्याऐवजी त्या दिवशी लवकर घरी सोडा, दुसऱ्या दिवशी तसलीच केस देऊ नका, आणि आठवड्याने, महिन्याने कोणीतरी जवळच्या माणसाने सहज विचारावं, "झोप लागते का रे?"

माणूस पुढे येत नाही कारण त्याला वाटतं बोललो तर शस्त्र काढून घेतील, प्रमोशन अडेल, ठाण्यात चर्चा होईल. म्हणून समुपदेशक ठाण्याच्या साखळीबाहेरचा असावा आणि कोण गेलं हे साहेबांनाही कळू नये. जिवाचं बरंवाईट करण्याचं कोणी बोललं तर मात्र सरळ शब्दांत विचारा, "मरायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. त्याला एकटं सोडू नका, शस्त्र काही दिवस जमा ठेवा आणि ते शिक्षा म्हणून नाही, जीव वाचवायला म्हणून ठेवलंय हे त्याला सांगा, परत कधी मिळेल तेही सांगा.

छोट्यामोठ्या जखमांची नोंद करायची का? सगळे म्हणतात उगाच कागद वाढतो.

करायची, आणि थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांचीसुद्धा करायची. सुई ग्लोव्हला लागून सटकली, पेंगताना गाडी दुभाजकाला घासली, ही नोंद असेल तरच पुढच्या माणसासाठी काहीतरी बदलेल. पण अधिकाऱ्याने एकदा जरी नोंद करणाऱ्याला खडसावलं की त्या रजिस्टरची पानं कोरी राहतात आणि वर रिपोर्ट जातो की आमच्याकडे काहीच होत नाही.

निवृत्तीनंतर कान गेले, दम लागतो. आता काही सिद्ध करता येतं का?

येऊ शकतं, पण कागद असले तर. कानाच्या तपासण्या, शिशाचे रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सुई टोचल्याची नोंद, कुठल्या पोस्टवर किती वर्षं होतो, रेंजवर इन्स्ट्रक्टर कधी होतो, हे सगळं नोकरीत असतानाच स्वतःकडे ठेवत जा, कारण बदली झाली की फाइल हरवते. मूळ कागद ऑफिसला द्यायचा असेल तर आधी त्याचा तारखेसकट फोटो काढा आणि घरात आणखी एका माणसाला तो कुठे ठेवलाय ते सांगून ठेवा.